ट्रॅक्टरचे दोन भाग करताना

(परभणी जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



'ट्रॅक्टरचे इंजिन उतरवले' हे वाक्य परभणी, मानवत, सेलू, गंगाखेड अशा कोणत्याही बाजारगावी सहज कानी पडते. बोलीत हा शब्दप्रयोग रुळलेला आहे आणि ट्रक किंवा जीपच्या बाबतीत तो खराही आहे. त्या वाहनांना लांब पोलादी सांगाडा असतो. त्यावरील इंजिन साखळीने उचलून बाजूला काढले, तरी सांगाडा आपल्या चार चाकांवर निश्चिंत उभा राहतो. जुन्या शेती ट्रॅक्टरचे मात्र तसे नाही. त्याला स्वतंत्र सांगाडाच नसतो. पुढचा आस, इंजिन, क्लचचे हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे ओतीव लोखंडाचे अवजड भाग एकामागे एक बोल्टांनी जोडलेले असतात आणि त्या जोडणीतूनच ट्रॅक्टरचा देह उभा राहतो. इंजिन हा त्या देहावर ठेवलेला भाग नसून त्याच्या कण्याचाच एक तुकडा होय. म्हणून ट्रॅक्टरचे इंजिन 'उतरत' नाही. क्लचच्या हाउसिंगपाशी ट्रॅक्टर मधोमध दुभंगतो आणि एका यंत्राच्या जागी दोन अस्थिर धूड उभी राहतात. या दुरुस्तीत होणाऱ्या अपघातांचे मूळ पुष्कळदा एवढ्या एका गोष्टीच्या विस्मरणात असते.

ही रचना नवी नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून १९१७ साली बाहेर पडलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरने ती जगभर रूढ केली. सांगाडा वगळल्याने लोखंड वाचले, वजन घटले आणि किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली. भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरच्या कारखान्यात सुरू झाले. पुढील दशकात मुंबईत महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने बी-२७५ आणि मद्रास येथे मॅसी फर्ग्युसन हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. १९७१ पासून पिंजोरहून एच.एम.टी. आणि १९७४ पासून पंजाबातून स्वराज आले. मराठवाड्याच्या काळ्या रानात गेल्या दोन पिढ्यांत जे ट्रॅक्टर राबले, ते बहुतांशी याच कुळातील. त्यांपैकी कित्येक आजही चालू स्थितीत आहेत. नव्या ट्रॅक्टरची किंमत पाहता ते चालू ठेवणे शहाणपणाचेही आहे. परंतु जुन्या ट्रॅक्टरबरोबर आलेली माहितीपुस्तके केव्हाच गहाळ झाली. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय तर २०१६ साली झाला. त्यामुळे या यंत्रांचे ज्ञान आता प्रामुख्याने मिस्त्रींच्या हातांत आणि स्मरणात उरले आहे. ते हात कुशल आहेत, यात संशय नाही. प्रश्न आहे तो काम ज्या जागी व ज्या घाईत होते, तिचा.

परभणी जिल्ह्यात या कामाचा एक हंगामच असतो. जायकवाडीच्या धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पुढे जिल्ह्यात ऊस वाढला आणि ट्रॅक्टर नांगरटीपेक्षा अधिक दिवस रस्त्यावर धावू लागला. उसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढताना चालक क्लचच्या पेडलवर पाय ठेवूनच असतो. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात इंच-इंच पुढे सरकतात, तेव्हाही तेच घडते. गाळप हंगाम संपेपर्यंत क्लच प्लेटचे अस्तर झिजून रिव्हेटा उघड्या पडतात. मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टर घरी येतो आणि दुरुस्ती 'बघू, करू' म्हणत मेपर्यंत लांबते. १८ मे हा परभणीच्या कृषि विद्यापीठाचा स्थापना दिन. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या खरीप मेळाव्यासाठी त्या दिवशी जिल्ह्यातून शेतकरी येतात. मेळाव्याहून परतताना प्रत्येकाच्या मनात मृगाचा पहिला पाऊस असतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत एकेका मिस्त्रीच्या दारात चार-चार ट्रॅक्टर उभे राहतात. ऊन मी म्हणत असते, लोखंडाला हात लावू म्हटले तर चटका बसतो, मालक बाजेवर बसून घाई करीत असतो. दोन टनांचे यंत्र दुभंगण्यासाठी याहून प्रतिकूल मुहूर्त शोधूनही सापडणार नाही.

म्हणून पहिला विचार असा, की ट्रॅक्टर खोलणे खरोखर आवश्यक आहे काय? क्लच घसरतो किंवा गिअर खरखर करीत पडतो, याचा अर्थ दर वेळी क्लच प्लेट संपली असा होत नाही. पेडलची मोकळी चाल साधारण इंचभर हवी. ती उरली नसेल तर क्लच पूर्ण बसतच नाही आणि केवळ बाहेरची दांडी जुळवून काम भागते. हाउसिंगच्या तळाशी एक लहान छिद्र असते. तेथून गळणारे तेल बोटावर घेऊन पाहावे. काळे व पातळ तेल इंजिनकडून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून येते. दाट, चिकट व उग्र वासाचे तेल गिअरबॉक्सचे असते. क्लच प्लेट, क्लच बेअरिंग, फ्लायव्हीलची दातेरी कडी, मागचे ऑइल सील यांपैकी काही बदलायचे ठरले, तरच पुढच्या कामाला हात घालावा आणि तो एकदाच घालावा. दोनशे-चारशे रुपयांचे सील वाचवून तोच ट्रॅक्टर पुढच्या वर्षी पुन्हा दुभंगण्यात काटकसर नाही.

आता मुख्य गोष्ट. बैलगाडीचे बैल सोडताना शेतकरी आधी जुवाखाली टेका देतो. ओझे मागे अधिक असेल तर गाडी उलाळ होईल आणि पुढे असेल तर धूर जमिनीवर आदळेल, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुभंगलेल्या ट्रॅक्टरचे दोन्ही भाग बैल सोडलेल्या गाडीसारखेच असतात. मागचा भाग दोन मोठ्या चाकांवर उभा असतो. त्याचा गिअरबॉक्स पुढे निघालेला असल्याने तो पुढच्या बाजूने खाली येऊ पाहतो. पुढच्या भागात इंजिनाचे बहुतेक वजन पुढच्या आसाच्या मागे असते, म्हणून ते मागच्या बाजूने खाली बसू पाहते. पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर दीड ते दोन टन वजनाचा असतो. त्यातील पुढचा भाग इंजिन, आस व चाके धरून अर्ध्या टनाहून अधिक भरतो. एवढे वजन खाली बसू लागले की माणसाच्या हातांनी ते सावरत नाही. सावरण्याचा प्रयत्न करणाराच त्याखाली सापडतो.

याहून फसवा धोका आडव्या डोलण्याचा आहे. शेतातील उंचसखल जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर बसविलेला असतो आणि तराजूच्या दांडीप्रमाणे तो दोन्ही बाजूंना वरखाली होतो. ट्रॅक्टर अखंड असताना इंजिन कलंडत नाही, याचे श्रेय पुढच्या चाकांना नाही. ते मागच्या रुंद आसाला आहे. क्लच हाउसिंगचे बोल्ट त्या आसाचा भरभक्कमपणा इंजिनापर्यंत पोचवितात. तेच बोल्ट काढले की अर्ध्या टनाचे इंजिन एका खिळीवर तोलले जाते. समोरून पाहणाऱ्याला दोन चाके जमिनीवर टेकलेली दिसतात आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. मग एका बाजूचा स्टार्टर काढला जातो किंवा कोणी पाना जोराने ओढतो आणि सारा भाग एका अंगावर कलतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची. जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतात. दुभंगल्यावर पुढचा भाग म्हणजे ब्रेक नसलेली गाडी होय. मागच्या भागाला ब्रेक असतात, पण पुष्कळ चालक ट्रॅक्टर थांबविताना ब्रेक लावण्याऐवजी तो गिअरमध्ये ठेवतात. अखंड ट्रॅक्टरला त्याने आधार मिळतो, कारण चाकांना फिरण्यासाठी इंजिनाचा दाब ओलांडावा लागतो. इंजिन सुटले की गिअरबॉक्सचा दांडा मोकळा होतो आणि गिअर पडलेला असो वा नसो, चाके सुखेनैव फिरू लागतात. वर्षानुवर्षांची सवय नेमकी त्या दिवशी दगा देते.

या तिन्ही धोक्यांवरचे उपाय अगदी साधे आहेत आणि ते बोल्टला पाना लागण्यापूर्वी करावयाचे आहेत. खरे पाहता या कामातील कौशल्याचा मोठा हिस्सा बोल्ट खोलण्यापूर्वीच खर्ची पडला पाहिजे.

प्रथम जागा. जागा सपाट व टणक हवी. मे महिन्यातील काळी जमीन दगडासारखी कठीण भासते, पण ती भेगाळलेली असते. जॅकच्या लहानशा तळव्यावर काही क्विंटलांचा भार आला की भेगेची कड ढासळते. वळवाची एक सर पडली तर तीच जमीन तासाभरात लोण्यासारखी होते. ट्रॅक्टर उघडा पडलेला असताना रात्री पाऊस झाला आणि सकाळी टेकू कलले, असे होणे या भागात अशक्य नाही. सिमेंटचा कोबा असल्यास उत्तम. तो नसेल तर प्रत्येक टेकूखाली किमान दोन इंच जाडीची, हातभर लांबरुंद फळी हवी. सुटी शहाबादी फरशी येथे उपयोगाची नाही. खाली पोकळी असली की ती एकदम तडकते. विटांचे थर, दगड, चाकांच्या रिकाम्या डिस्का हेही टेकू नव्हेत. वीट दाबाखाली आधी सूचना न देता फुटते. बाभळीचे चौरस ठोकळे किंवा रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कापून केलेले ठोकळे आडवे-उभे रचले की त्यांच्यासारखा आधार नाही. लाकूड तुटण्यापूर्वी करकरते व माणसाला बाजूला होण्याची संधी देते.

झाडाच्या फांदीचा विषय येथेच निघतो. कडुनिंबाच्या सावलीत काम करणे स्वाभाविक आहे. या उन्हात ते योग्यही आहे. परंतु त्याच कडुनिंबाच्या फांदीला साखळीची कप्पी अडकवून इंजिन तोलून धरणे योग्य नाही. फांदी आतून किती किडली आहे, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय ती वाकते, म्हणजे भार सरळ न राहता हेलकावे घेतो. कप्पी वापरायची तर लोखंडी तिवई अथवा भक्कम तुळई हवी. साखळी इंजिनाच्या उचलण्यासाठी केलेल्या कड्यांतूनच ओवावी, सायलेन्सरच्या नळीभोवती किंवा डिझेलच्या नळ्यांखालून नव्हे. कप्पीवर टांगलेला अथवा जॅकवर उचललेला भार हा तात्पुरता समजावा. जॅकचे काम उचलण्याचे; धरून ठेवण्याचे काम ठोकळ्यांचे किंवा लोखंडी घोडीचे. तेलावर चालणारा जॅक रात्रभर तसाच ठेवला तर सकाळपर्यंत तो किती उतरेल, हे त्याच्या जुनाट वायसरवर अवलंबून असते.

नंतरची तयारी बहुतेक मिस्त्री जाणतात, म्हणून ती थोडक्यात. ट्रॉली व अवजारे सोडून हायड्रॉलिकचे हात खाली टेकवावेत. बॅटरीची, ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली तार सर्वप्रथम सोडावी, म्हणजे पाना चुकून कोठे टेकला तरी ठिणगी पडत नाही. डिझेल स्वच्छ कॅनमध्ये काढून झाकण लावून दूर ठेवावे. बिडी-काडी व वेल्डिंग त्या आवारात नको. बॉनेट, सायलेन्सर, गरजेप्रमाणे टाकी, पायफळ्या, स्टीअरिंगच्या दांड्या, तारा व नळ्या सुट्या कराव्यात. सुट्या केलेल्या प्रत्येक तारेला कापडी चिंधी बांधून खूण करावी. खूण न केलेली तार जोडताना अर्धा दिवस घेते. पुढे जादा वजने लावली असतील तर ती आधी काढावीत, नाहीतर ती इंजिनाला नाकाकडे ओढतात आणि मागचा टेकू हलका पडतो. स्टीअरिंगच्या दांड्या सुटल्या की पुढची चाके मोकळी होऊन हवी तिकडे वळतात. ती सरळ ठेवून आडव्या लाकडाने बांधून घ्यावीत.

यानंतर पाचरी. पुढचा आस व त्यावरील ओतीव आधार यांच्यामध्ये डाव्या व उजव्या बाजूला जी मोकळी जागा असते, तीत कठीण लाकडाची एकेक पाचर समोरासमोर ठोकून घट्ट बसवावी. दोन्ही पाचरी बसल्या की खिळीवरचे डोलणे थांबते आणि पुढचा भाग रुंद पायांवर उभा राहतो. पाचर सुटू नये म्हणून ती तारेने आसाला बांधावी. या दोन पाचरींना पैसे पडत नाहीत. बाभळीच्या फांदीतून कोणताही सुतार त्या पाव तासात करून देईल. तरीही उघड्यावर चालणाऱ्या कामात वगळली जाणारी गोष्ट बहुधा हीच असते, कारण पाचरीवाचून आजवर काही झाले नाही, असे प्रत्येकाला वाटत असते. जेथे काही झाले तेथील माणूस सांगायला समोर नसतो.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून उटी लावावी. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाखाली ठोकळे किंवा घोडी बसवावी. इंजिनाच्या मागच्या टोकाखाली चाकांची ट्रॉली किंवा ट्रॉली जॅक घ्यावा आणि मध्ये जाड फळी ठेवावी. काही ट्रॅक्टरांचे तेलपात्र ओतीव व मजबूत असते, काहींचे पत्र्याचे. पत्र्याच्या तेलपात्रावर भार देऊ नये. दोन भागांपैकी कोणता हलणार आणि कोणता स्थिर राहणार, हे आधी ठरवून सर्वांना मोठ्याने सांगावे. स्थिर राहणाऱ्या भागाची उटी कोणीही काढावयाची नाही.

आता बोल्ट. ते एकदम काढू नयेत. सर्व बोल्ट प्रथम अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत आणि जोडाकडे पाहावे. फट खालच्या बाजूला उघडू लागली तर मधला भाग खाली झुकतो आहे, म्हणजे आधार कमी पडतो आहे. फट वर उघडली तर जॅक गरजेपेक्षा अधिक उचलला गेला आहे. चहूकडे सारखी, सुताइतकी फट पडली म्हणजे भार योग्य जागी विसावला असे समजावे. एखादा बोल्ट सैल होऊनही हाताने फिरत नसेल, तर वजन त्याच्यावर आहे. त्याच्यावर हातोडा चालविण्याआधी जॅक किंचित वरखाली करून पाहावा. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी हातभर लांबीचे आटे पाडलेले गज बसवावेत. हे मार्गदर्शक गज दोन्ही भागांना सरळ रेषेत ठेवतात आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावर इंजिन लटकू देत नाहीत. दांडा क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत भाग सरळ सरकला पाहिजे. तो तिरपा ओढला तर दांडा वाकतो आणि दुरुस्ती करता करता नवी दुरुस्ती उभी राहते. पहारीने ढकलताना पहार ओतीव कानांवर टेकवू नये. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटते.

या घटकेला दोन भागांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये, खाली कोणी सरपटू नये, चालकाच्या आसनावर कोणी बसू नये. आज्ञा एकाच माणसाने द्याव्यात. 'थांब' हा शब्द मात्र कोणीही उच्चारावा आणि तो ऐकताच सर्वांनी थांबावे. भाग पुरेसे दूर झाल्यावर हलविलेल्या भागाखालीही पक्के ठोकळे व चाकांना उटी लावूनच क्लचला हात घालावा. आतील धूळ तोंडाने अगर हवेच्या नळीने फुंकू नये. जुन्या क्लचच्या व ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जाई आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. ती धूळ ओल्या फडक्याने टिपून ते फडके पुरून टाकावे.

जोडणी हे खोलण्याहून नाजूक काम आहे. बोटे जातात ती बहुधा जोडणीच्या वेळी. नवी क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे. त्यासाठी जुन्या दांड्याचा तुकडा किंवा खरादीवर करून घेतलेला लाकडी दांडा घालून ती मध्यावर आणावी व मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. भाग जवळ आणताना ते शेवटच्या अर्ध्या इंचावर अडतात, हा जवळजवळ नियमच आहे. दांड्याचे दाते प्लेटच्या दात्यांत गेलेले नसतात एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी अधीर हात दोन गोष्टी करतो: बोल्ट घालून आवळून ते ओढून घेऊ पाहतो, किंवा छिद्रे जुळली काय हे बोट घालून चाचपतो. पहिल्याने हाउसिंगचा कान तुटतो. दुसऱ्याने बोट तुटते. छिद्रे डोळ्यांनी पाहावीत, हवे तर गज घालून पाहावीत. गिअर न्यूट्रल ठेवून मागचा पी.टी.ओ. दांडा किंवा पुढची पुली पान्याने किंचित फिरवावी. दाते जुळताच भाग हाताच्या रेट्याने मिटतात. फ्लायव्हील फिरविण्यासाठी स्टार्टर वापरण्याचा मोह टाळावा. सर्व बोल्ट क्रमाने, समोरासमोरचे घेत पूर्ण आवळले गेले की टेकू काढावेत आणि पाचरी सर्वांत शेवटी. डिझेलच्या नळ्यांतील हवा काढून व पेडलची मोकळी चाल जुळवून इंजिन चालू करावे.

येथवर मिस्त्रीचे काम झाले. काही कामे मात्र या सभेत बसलेल्यांच्या अधिकारातील आहेत.

उन्हाळी सुटी आणि दुरुस्तीचा हंगाम एकाच वेळी येतात. पाना आणून देणारा, ट्रॅक्टरखाली सहज शिरणारा लहान चणीचा मुलगा ही गॅरेजची सोय असते. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास अशा कामावर ठेवण्यास मनाई आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांपासून दूर ठेवण्याची तरतूद आहे. सुटीत आपल्या वर्गातील कोण कोठे जातो, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक नसते. त्या मुलाला यंत्रांची आवड असेल तर त्या आवडीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट दाखविता येते. मेकॅनिक ट्रॅक्टर व मेकॅनिक डिझेल हे व्यवसाय तेथे शिकविले जातात. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची कृषि यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था १९५५ पासून आहे. परभणीला तर विद्यापीठाचे कृषि अभियांत्रिकी महाविद्यालय दाराशी आहे. गावोगावच्या मिस्त्रींसाठी तेथे एक दिवसाचे प्रात्यक्षिक घडवून आणणे ही कृषि विभागाच्या तालुका कार्यालयांना जमण्यासारखी गोष्ट आहे. शासकीय साहाय्याने उभ्या राहिलेल्या अवजारे बँकांच्या ट्रॅक्टरांनाही काही वर्षांनी याच दुरुस्तीतून जावे लागणार आहे.

आणखी एक बाब ग्रामपंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेखाली शेतकऱ्यास किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्यास अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळते. दुरुस्तीच्या वेळी ट्रॅक्टरचा मालक त्या छत्राखाली असतो. त्याच्याच शेजारी जमिनीवर आडवा होऊन काम करणारा मिस्त्री बहुधा भूमिहीन असतो व त्या छत्राबाहेर राहतो. त्याच्या नावाचा अपघात विमा आहे काय, हे विचारणे आणि नसल्यास बँकेच्या सोप्या विमा योजनेत त्याचे नाव घालून देणे, हे काम ग्रामसेवकाला अवघड नाही.

राहिली जागेची गोष्ट. ज्या गावी आठवडी बाजार भरतो आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांचे ट्रॅक्टर येतात, तेथे वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद, सहा इंच जाडीचा एक सपाट कोबा, त्यावर पत्र्याचे छप्पर आणि भार पेलेल अशी अभियंत्याकडून तपासून घेतलेली एक लोखंडी तुळई एवढे पुरेसे आहे. गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात एखाद्या ओट्याइतक्याच खर्चाचे हे काम बसू शकते. मे महिन्यात तेथे ट्रॅक्टर खोलले जातील, सुगीत तोच कोबा धान्य वाळविण्यास उपयोगी पडेल. कोपऱ्यात कुलपाची एक पेटी ठेवावी. तीत बाभळीचे बारा ठोकळे, चार उटी, दोन घोड्या आणि पाचरींच्या दोन जोड्या असाव्यात, आणि किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे.